गॅलरीचं शटर ओढल्यावर

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी यंदा कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती आणि तिची आई दोघी घरी आल्या. मुलीला क्युरेटर व्हायचंय. आईला त्या शब्दाचाच पत्ता लागत नव्हता. "ताई, चित्र काढणारा कळतो, चित्र विकणाराही कळतो. हा मधला माणूस कोण? करतो काय? आणि त्याला पैसे कोण देतं?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी फोर्टातल्या एका गॅलरीत एकोणीस वर्षं नोकरी केली. सकाळी ठाण्याहून गाडी, व्हीटीला उतरायचं, तिथून पायी. गॅलरीच्या मालकिणीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. पुढे बाईंनी गॅलरी बंद केली आणि त्या स्वतंत्र क्युरेटर झाल्या. त्या कामातही मी काही वर्षं त्यांच्या हाताखाली होते. एकाच माणसाला आधी चित्रं विकताना आणि मग नुसती दाखवताना मी पाहिलंय. त्या दोघींना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

आधी गॅलरी. गॅलरी म्हणजे दुकान. हा शब्द काहींना खटकतो, पण मला त्यात कमीपणा वाटत नाही. मात्र दुकानांतही दोन जाती आहेत. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे चित्रकार दालन भाड्याने घेतो, त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबतो, नंबर लागला की स्वतः चित्रं टांगतो आणि आठवडाभर खुर्ची टाकून बसतो. खाजगी गॅलरीचं तसं नसतं. ती चित्रकार निवडते, त्याच्याकडून भाडं घेत नाही, पण चित्र विकलं गेलं की किमतीतला वाटा ठेवते. हा वाटा साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असतो. "निम्मे?" म्हणून त्या आईने डोळे मोठे केले. मी म्हटलं, त्या निम्म्यात काय काय येतं ते ऐका. जागेचं भाडं, विजेचं बिल, माणसांचे पगार, कॅटलॉगची छपाई, पावसाळ्यात दिवसरात्र चालणारं एसी, उद्घाटनाचा चहा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाट पाहणं. एखाद्या चित्रकाराची दोन-तीन प्रदर्शनं कोरडी जातात, तरी चौथं करायचं, ही हिंमत गॅलरीवाल्याच्या खिशातून येते.

मुंबईतल्या या धंद्याची मुळं बघायची तर केकू गांधींकडे बघावं लागतं. चित्रांच्या चौकटी बनवायचा त्यांचा व्यवसाय १९४१ साली सुरू झाला. चौकटी घ्यायला चित्रकार यायचे, ओळखी व्हायच्या, आणि दुकानात त्या तरुण पोरांची चित्रं लागू लागली. हुसेन, आरा वगैरे मंडळी तेव्हा कुणाला माहीत होती? प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७चा. सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर त्यात गाडे आणि बाकरे ही आपली मराठी नावंही होती. पुढे १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. त्याच वर्षी पंडोल आर्ट गॅलरीही सुरू झाली. म्हणजे चौकट विकणाऱ्याने चौकटीच्या आतलं पाहायला सुरुवात केली आणि त्यातून एका शहराचा कलाव्यवहार उभा राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. कुठल्याही पदवीआधी इथे डोळा आणि माणसांची ओळख लागते, हे त्यातून कळतं.

आता क्युरेटर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सांभाळ करणं, निगा राखणं. सरकारी संग्रहालयांत या पदाला अभिरक्षक म्हणतात आणि तो शब्द मला नेमका वाटतो. संग्रहालयातला अभिरक्षक वस्तूंचा पालक असतो. कुठली वस्तू कधी, कुणाकडून आली, तिला कुठे तडा आहे, कागदावर बुरशी धरतेय का, याची नोंद त्याच्याकडे. जलरंगातल्या चित्रावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू द्यायचा नाही, तैलरंगाला २०० लक्सपर्यंत चालतो, असे त्याचे हिशेब असतात. ठाण्या-मुंबईची जुलैतली हवा ज्याने कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पाहिलीय, त्याला कॅनव्हासचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

दुसरा अर्थ गेल्या पन्नास-साठ वर्षांतला. संग्रह नाही, संग्रहालय नाही, पण प्रदर्शन रचतो तो क्युरेटर. हा अर्थ रुजवण्यात हाराल्ड झेमन या स्विस माणसाचा मोठा हात आहे. बर्न शहरातल्या कुन्स्टहाले या कलादालनाचा तो संचालक होता. १९६९ साली त्याने तिथे एक प्रदर्शन मांडलं. त्यात एका कलाकाराने भिंतीचा चौकोनी गिलावाच काढून टाकला, एकाने बाहेरचा फुटपाथ फोडला. गावात गदारोळ झाला. त्याच वर्षी झेमनने ती नोकरी सोडली आणि तो स्वतःच्या जीवावर प्रदर्शनं करू लागला. १९७२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या अवाढव्य प्रदर्शनाची धुरा त्याच्याकडे आली. पण मला त्याचं १९७४चं काम जास्त जवळचं वाटतं. झेमनचे आजोबा केशरचनाकार होते. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू, केस कुरळे करायची यंत्रं, फोटो, कागदपत्रं, फर्निचर, हे सगळं त्याने बर्नमधल्या एका फ्लॅटमध्ये मांडलं आणि लोकांना पाहायला बोलावलं. दोन वर्षांपूर्वी ज्याने जगातल्या सर्वांत मोठ्या कलाप्रदर्शनांपैकी एक केलं होतं, तो माणूस आजोबांच्या कात्र्या मांडत होता. ही गोष्ट ऐकताना दुसऱ्या मजल्यावरची मुलगी एकदम सरळ होऊन बसली. तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला नंतर कळलं.

क्युरेटर म्हणजे चांगली चित्रं निवडणारा, असा समज आहे. निवड हा कामाचा फार थोडा भाग. बहुतेक प्रदर्शनातल्या वस्तू उसन्या आणलेल्या असतात. कुणाच्या घरातून, कुणाच्या ऑफिसातून, कुठल्या संग्रहालयातून. प्रत्येकासाठी करार. चित्र त्या घरातून निघताना त्याची तपासणी करून लिहून ठेवायचं: डावीकडे वरच्या कोपऱ्यात रंगाची पापडी, मागे ओलीचा डाग, चौकटीचा खालचा सांधा सैल. परत देताना हाच कागद समोर ठेवून पुन्हा तपासायचं. विम्याला आमच्याकडे 'नेल टू नेल' म्हणतात. मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून चित्र उतरलं की विमा सुरू आणि त्याच खिळ्यावर परत चढलं की संपला. मधल्या काळात चित्राला काही झालं तर जबाबदारी प्रदर्शन करणाऱ्यांची. टेम्पो पावसात अडकला की बाईंचा दर दहा मिनिटांनी फोन यायचा, तो उगाच नव्हे.

आणि मग टांगणं. ते बघायला सोपं दिसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आला तर उभ्या माणसाच्या नजरेला तो बरा पडतो. आम्ही ५८ धरायचो. समजा चित्र ३० इंच उंच आहे, आणि मागची वायर ताणल्यावर वरच्या कडेपासून ४ इंच खाली येते. तर खिळा कुठे? ५८ मध्ये चित्राची अर्धी उंची १५ मिळवा, झाले ७३. त्यातून ४ वजा करा. ६९ इंचांवर खिळा. प्रत्येक चित्राची वायर वेगळी, म्हणून प्रत्येकाचा हिशेब वेगळा. भिंतीवर सूत ताणून, ओळंबा सोडून आमचा सुतार दिवसाला चाळीस खिळे ठोकायचा आणि एकही पुन्हा उपटायला लागायचा नाही. पण दोन चित्रांत अंतर किती ठेवायचं, याला सूत्र नाही. दोन चित्रं फार जवळ आली तर ती एकमेकांशी भांडतात, फार लांब गेली तर ओळख विसरतात. तिथे बाई खोलीच्या मधोमध पालथ्या बादलीवर बसून राहायच्या, कधी तास, कधी अख्खी दुपार. मग म्हणायच्या, "हे उचल, तिकडच्या भिंतीला नेऊन टेकव." त्या दुपारी जे चाललेलं असायचं, ते खरं क्युरेशन.

गॅलरी बंद करून क्युरेटर होणं हा बाईंनी काढलेला नवा रस्ता नव्हता. न्यूयॉर्कच्या सेथ सीगेलॉबने १९६४ साली, तेवीसाव्या वर्षी, गॅलरी उघडली आणि १९६६ साली ती बंद केली. पण चित्रकारांशी जमलेलं मैत्र त्याने सोडलं नाही. जानेवारी १९६९मध्ये त्याने मॅनहॅटनमध्ये एक ऑफिस महिन्याभरासाठी भाड्याने घेतलं आणि चार कलाकारांचं प्रदर्शन केलं. त्या प्रदर्शनात मुख्य गोष्ट होती कॅटलॉग. खोलीत ठेवलेल्या वस्तू त्या कॅटलॉगची नुसती पुरवणी होत्या. त्या कलाकारांचं काम बरंचसं कल्पनेतलं, शब्दांतलं होतं, मग ते भिंतीपेक्षा कागदावर जास्त नीट पोचणार, एवढा साधा विचार त्यामागे होता. त्याआधी १९६८ साली त्याने सात कलाकारांना पुस्तकाची पंचवीस-पंचवीस पानं दिली आणि सांगितलं, हीच तुमची भिंत. गॅलरीचं भाडं डोक्यावर असताना असलं काही सुचलं तरी परवडतं का?

लॉस एंजेलिसच्या वॉल्टर हॉप्सचं आणखी वेगळं. १९५७ साली एड कीनहोल्झ या कलाकाराबरोबर त्याने फेरस नावाची गॅलरी काढली. १९६२ साली तो तिथून बाहेर पडून पासाडेनाच्या संग्रहालयात क्युरेटर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराचं पहिलं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन केलं. द्युशाँ तेव्हा शहात्तर वर्षांचा होता! इतकं नाव झालेल्या माणसाचं समग्र काम त्या आधी कुणी एकत्र मांडलंच नव्हतं. तीच वेळ पाहा: हॉप्स गेल्यावर फेरस चालवणाऱ्या अर्व्हिंग ब्लमने १९६२ साली अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं लावली. विक्री जवळपास झाली नाही, म्हणून ब्लमने सगळी मिळून हजार डॉलरला, तीही हप्त्यांनी, स्वतःच ठेवून घेतली. आज ती न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहेत. गॅलरीत राहिलेला आणि गॅलरी सोडून गेलेला, दोघांनी आपापल्या जागी मोठं काम केलं. दुकानात राहणारा कमी आणि बाहेर पडणारा थोर, असं म्हणणं चूक ठरेल.

मग फरक कुठे पडतो? तो मला एका चित्राने शिकवला.

बाईंनी गॅलरी बंद केली तेव्हा जागेचा करार संपला होता आणि नवं भाडं झेपणारं नव्हतं. शेवटचे तीन आठवडे आम्ही फक्त चित्रं परत करत होतो. न विकलेलं चित्र हे चित्रकाराचं असतं, गॅलरीकडे ते ठेवायला दिलेलं असतं. वहीतली नोंद काढायची, चित्र तपासायचं, ग्लासीन कागद, मग बबल रॅप, टेम्पो, आणि चित्रकाराची सही. त्यात डोंबिवलीच्या एका चित्रकाराचं सात फूट लांब, जेमतेम दोन फूट उंच चित्र होतं. पावसात भिजणाऱ्या शेड, मातकट रंग, एका टोकाला सायकल धरून उभा असलेला माणूस. अकरा वर्षं ते आमच्याकडे होतं. तीनदा भिंतीवर लागलं, विकलं गेल्याची लाल टिकली एकदाही लागली नाही. घेणारे यायचे, बघायचे, म्हणायचे, रंग फार उदास आहेत हो. त्या दिवशी ते डोंबिवलीला पोचवायला मी टेम्पोतून गेले. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणातून ते चढवताना त्या गृहस्थांनी एकच वाक्य उच्चारलं, "परत आलं म्हणजे ठीकच आहे."

चारेक वर्षांनी बाईंना एका संस्थेने कामगारांच्या शहरावर प्रदर्शन करायला सांगितलं. बाईंनी पहिला फोन डोंबिवलीला लावला. ते लांबडं चित्र त्यांनी शेवटच्या भिंतीवर एकटं लावलं, नेहमीच्या पातळीपेक्षा खाली, आणि समोर एक बाक ठेवला. त्याच्या आधीच्या खोलीत गिरण्यांचे फोटो होते, यंत्रांचा आवाज होता. तिथून माणूस बाहेर पडला की समोर हे चित्र यायचं आणि लोक बाकावर बसायचेच. चित्र तेच, रंग तेवढेच मातकट. गॅलरीत आम्ही त्याच्याकडे बघून मनात विचारायचो, हे कोण घेईल? इथे बाईंनी विचारलं, हे पाहायच्या आधी माणसाने काय पाहिलेलं असावं? प्रश्न बदलला आणि अकरा वर्षं पडून राहिलेलं चित्र लोकांना दिसलं. आणि गॅलरीतली ती अकरा वर्षं वाया गेली नव्हती, कारण ते चित्र आहे, कुणाकडे आहे, त्याच्या मागच्या पट्टीला वाळवी लागून गेलीय, हे बाईंना तोंडपाठ होतं ते त्याच अकरा वर्षांमुळे.

त्या प्रदर्शनात तिघांनी चित्राची किंमत विचारली. पूर्वीच्या बाईंनी लगेच खुर्ची पुढे केली असती. या बाईंनी चित्रकाराचा नंबर दिला आणि त्या दुसरीकडे वळल्या. एक पैसा घेतला नाही. हा संकोच किंवा मोठेपणा नव्हता, तो या कामाचा नियम आहे. क्युरेटर जे दाखवतो त्यातून त्याची वेगळी कमाई होत असेल, तर त्याच्या निवडीवर कुणी विश्वास का ठेवावा? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या, म्हणजे आयकॉमच्या, आचारसंहितेत संग्रहालयात काम करणाऱ्याने अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीत पडू नये असं म्हटलंय. गॅलरीवाला संग्रहालयात गेला की पहिली शंका इथेच येते. जेफ्री डाइच हा न्यूयॉर्कचा नामवंत गॅलरीवाला २०१० साली आपली गॅलरी बंद करून लॉस एंजेलिसच्या मोका संग्रहालयाचा संचालक झाला. त्याच्या नेमणुकीवर पहिल्या दिवसापासून वाद झाले, २०१३ साली मुदत संपायच्या आत तो बाहेर पडला, आणि पुन्हा गॅलरीकडेच वळला. स्वतंत्र क्युरेटरवर तर कुणाचाच पहारा नसतो. म्हणून त्याने स्वतःच सांगून टाकावं: या प्रदर्शनातलं अमुक चित्र माझ्या मालकीचं आहे, तमुक चित्रकाराचं काम मी पूर्वी विकत होतो. एवढं लिहिलं की निम्मे प्रश्न मिटतात.

पैशांचा विषय निघालाच आहे तर बाजाराबद्दल थोडं. मार्च २०२५मध्ये हुसेन यांचं १९५४चं 'ग्रामयात्रा' हे चौदा फुटी चित्र न्यूयॉर्कला लिलावात १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. ते चित्र एका नॉर्वेजियन डॉक्टरने १९५४ साली दिल्लीत विकत घेतलं होतं. पुढे ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला मिळालं आणि अनेक दशकं तिथे भिंतीवर होतं, किमतीची कल्पना नसलेल्या माणसांच्या येण्याजाण्यात. चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं पाहा. नागपूरला जन्म, जे.जे.चं शिक्षण, २००१ साली दिल्लीत निधन. २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात संधिनी पोद्दार यांनी त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन केलं. बाजार आणि संग्रहालय एकमेकांना असे ढकलत नेतात, आणि क्युरेटरला याचं भान ठेवावंच लागतं, कारण त्याने भिंतीवर लावलेल्या चित्राची किंमत वाढते, त्याची इच्छा असो वा नसो.

या वाढीतलं चित्रकाराला काय मिळतं? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा त्या रकमेत वाटा असतो आणि तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. माझ्या एकोणीस वर्षांत हा वाटा मागायला आलेला एकही चित्रकार मी पाहिला नाही, कारण असं कलम आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. वर ज्याचं नाव घेतलं त्या सीगेलॉबने १९७१ साली एका वकिलाला बरोबर घेऊन कलाकारांसाठी कराराचा नमुनाच छापून वाटला होता. चित्र पुन्हा विकलं तर वाढलेल्या किमतीचे पंधरा टक्के कलाकाराला, अशी त्यात अट होती. धंद्याची आतली बाजू पाहिलेला माणूस दुसऱ्या बाजूला गेला, की असं काम करू शकतो. कला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे कलम पाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

आणि क्युरेटरला पैसे कोण देतं? संग्रहालयात असेल तर पगार. स्वतंत्र असेल तर ज्या संस्थेने, गॅलरीने किंवा कंपनीने प्रदर्शन सांगितलं, ती ठरलेली फी देते. एका प्रदर्शनामागे सहा महिने ते दोन वर्षं जातात आणि फी त्या मानाने तुटपुंजी असते, म्हणून बहुतेक जण जोडीला लिहितात, शिकवतात, संग्राहकांच्या याद्या करून देतात. आईला मी हे अजिबात गोड करून सांगितलं नाही. घराचा हप्ता क्युरेशनच्या फीवर भरायचा बेत कुणी करू नये. शिकायची सोय मात्र आमच्या काळापेक्षा बरी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास शिकता येतो, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने क्युरेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवलाय, आणि केरळात कोचीला साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या जोडीने विद्यार्थ्यांचं बिएनाले होतं, त्यात तरुण क्युरेटर देशभरच्या कला महाविद्यालयांत हिंडून मुलांची कामं निवडतात. ते कोची बिएनाले मुळात दोन चित्रकारांनी, बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी, १२ डिसेंबर २०१२ला सुरू केलं, आणि तिथे पुढच्या प्रत्येक वेळी क्युरेटर म्हणून कलाकारालाच बोलावलं गेलं. जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, शुबिगी राव, निखिल चोप्रा. तेव्हा गॅलरीतूनच यायला हवं असंही काही नाही.

हे सगळं फोर्टात आणि परदेशात घडतं, ठाण्यात काय आहे, असं ती आई म्हणालीच. मी म्हटलं, ठाण्यात डॉ. सुधीर पटवर्धन आहेत. २००५ सालापर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून एक्स-रे पाहिले आणि त्याच हाताने आपली लोकल, आपली इराणी हॉटेलं, आपली पोखरण रोडची टेकडी रंगवली. त्यांनी २००८च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रकारांचं एक प्रदर्शन क्युरेट केलं आणि ते महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरवलं, नागपूर, कोल्हापूरसारख्या शहरांत, जिथे ही मूळ चित्रं डोळ्यांनी बघायची सोयच नव्हती. बोधी आर्ट ही गॅलरी त्यामागे उभी होती. सिंगापूर, दिल्ली, मुंबई, न्यूयॉर्क, बर्लिन इतका तिचा पसारा होता. २००८च्या मंदीनंतर ती थोड्याच काळात बंद झाली. पण त्या वर्षी कोल्हापुरात किंवा नागपुरात ज्या शाळकरी मुलाने छापील नव्हे तर खरा कॅनव्हास पहिल्यांदा पाहिला, त्याचं पाहणं कुणी परत नेलं नाही. पुढे २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात खुद्द पटवर्धनांचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं, ते नॅन्सी अडजानिया यांनी क्युरेट केलं. ठाण्याहून माणसं जथ्याने गेली होती. मी तीनदा गेले.

दोन आठवड्यांनी मुलगी पुन्हा वर आली. "मावशी, हातोडी आहे का?" तिचे आजोबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होते. त्यांची ट्रंक माळ्यावर होती. त्यातून तिने वस्तू काढल्या होत्या: गेट पास, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर, अ‍ॅल्युमिनियमचा डबा, ओव्हरटाइमची वही, युनियनच्या पावत्या, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं घड्याळ. रविवारी बाहेरच्या खोलीत त्या मांडायच्या आणि इमारतीतल्या लोकांना बोलवायचं, असा बेत. आजोबांबरोबर काम केलेले दोघे-तिघे जण किसननगरहून येणार होते.

घड्याळ तिने मधोमध लावलं होतं. डबा एका कोपऱ्यात, व्हर्नियरच्या खाली. आजी पलंगावरून बघत होती. उठली, डबा उचलला आणि गेट पासच्या शेजारी ठेवला. "हे दोन बरोबर निघायचे घरातून. सकाळी साडेसहाला." मुलीने घड्याळाकडे पाहिलं, ते काढलं आणि दाराजवळच्या भिंतीवर, सगळ्यात शेवटी नेलं. ओव्हरटाइमची वही उघडून ठेवली, तिच्या बापाच्या दहावीच्या वर्षाचं पान वर येईल अशी.

मी शिकवल्याप्रमाणे तिने सगळ्या चौकटींचे मध्य ५८ इंचांवर धरले होते. मग आजी खुर्चीवर बसली आणि मान वर करून बघू लागली. येणाऱ्यांतले निम्मे असेच बसून बघणार होते. आम्ही सगळे खिळे उपटले आणि बारा इंच खाली पुन्हा ठोकले.